केबल काढा, पण टीव्ही घराच्या मधातच राहू द्या

सध्या आपल्याकडे जिथं चार माणसं बसली तिथं हा विषय निघतोच. पानठेल्यावर खर्रा घोटून होईपर्यंत, बचत गटाच्या मीटिंगमध्ये सगळ्या बाया जमेपर्यंत, लग्नाच्या मांडवात पंगत बसेपर्यंत, एकच वाद, केबल ठेवायची का काढायची. एक बाजू म्हणते काहून ठेवता बाप्पा, सगळं मोबाईलवर येते, महिन्याचे तीनशे रुपये वाचवा. दुसरी बाजू म्हणते केबल काढली तर घरच्या बुढ्या माणसानं दिवसभर भिंतीकडे पाहत बसावं का आणि बायांनी सिरियल कुठं पाहाव्या. आणि मग एखादे जाणते काका मधातच बोलतात की सोयाबीनला भाव नाही, कापसाचं असं झालं, अशात टीव्ही पाहिजेच कशाला, भजन करा, ग्रंथ वाचा. हा वाद मी खूप ठिकाणी ऐकला आणि मला तिन्ही बाजू चुकीच्या जागी भांडताना दिसतात, कारण तिघंही एका माणसाचा विचार करतात, पूर्ण घराचा कोणीच करत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. केबल परवडत नसेल तर खुशाल काढा, त्यात काही वाईट नाही. पण तिच्या जागी मोबाईल हे उत्तर नाही, ते महाग पडते आणि घरातल्या अर्ध्या लोकांना त्यातून काहीच मिळत नाही. खेड्यातल्या घराला असं मनोरंजन लागते जे एका वेळी सगळ्यांना पुरते आणि ज्याच्यासाठी हात रिकामे ठेवावे लागत नाही. ते आजही जवळपास फुकटात मिळते, दूरदर्शनच्या फ्री डिशच्या छतावरच्या छत्रीतून आणि साध्या रेडिओतून. त्यात मराठी कमी आहे, आपल्या भागाचं तर जवळजवळ नाहीच, हे खरं आहे, पण ते आपण मागून घ्यायचं आहे, आणि ते मागणं म्हणजे कोणाची मेहरबानी नाही.

आधी पैशाचंच बोलू, कारण वाद तिथूनच सुरू होतो. पहिले गावात केबल शे-दीडशे रुपयात यायची. मग २०१९ मध्ये ट्रायचे, म्हणजे टीव्ही-फोनच्या कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवे नियम लागू झाले, चॅनल निवडा आणि त्याचेच पैसे द्या असं सांगितलं गेलं, ऐकायला ते चांगलंच होतं. पण आधी नुसता १३० रुपये नेटवर्कचा आकार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे कोणतंही पैशाचं चॅनल न घेता लागले आणि मग वरून चॅनलचे पॅक. २०२४ मध्ये त्या १३० ची मर्यादाही काढून टाकली. आज आमच्या भागात अडीचशे ते साडेतीनशे कुठंही जातात. तीनशे धरले तर वर्षाचे ३६०० झाले, आणि मजुरीवर चालणाऱ्या घराला ते जड आहेत, यात वादच नाही.

आता मोबाईलचा हिशेब तेवढ्याच बारकाईनं करू, जो कोणी करत नाही. जुलै २०२४ मध्ये सगळ्या मोठ्या कंपन्यांनी दर वाढवले, रोज दीड जीबीचा जिओचा २८ दिवसांचा पॅक २३९ वरून २९९ वर गेला. महिना ३० दिवसांचा आणि पॅक २८ दिवसांचा, म्हणून वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज लागतात. २९९ गुणिले १३ म्हणजे ३८८७ रुपये, एका फोनचे. घरात तीन फोन असले तर ११,६६१. केबलचे ३६०० वाचवायला निघालेलं घर हे पैसे भरते आणि त्याला समजतही नाही, कारण ते एकदम जात नाहीत, पोट्टा स्वतःचा रिचार्ज मारतो, बाप स्वतःचा मारतो, सुनेचा माहेरून येते. केबलवाला महिन्याच्या महिन्याला दारात यायचा म्हणून तो खर्च दिसायचा. रिचार्ज दारात येत नाही.

यावर समोरचा लगेच म्हणतो, आणि हा त्याचा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, की रिचार्ज तर तसाही मारावाच लागते. बँकेचा ओटीपी, पीएम किसानची केवायसी, ई-पीक पाहणी, पोराचा अभ्यास, सगळं फोनवर आलं. मग त्याच डेटावर सिनेमा पाहिला तर वेगळे पैसे कुठं लागले? मुद्दा बरोबर आहे आणि मी तो मान्य करते, एका फोनपुरता. घरात एका फोनला डेटा पाहिजेच. पण तिन्ही फोनला रोज दीड जीबी काहून पाहिजे? ओटीपीला डेटा लागत नाही, तो एसएमएसनं येते. ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं की फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले पॅक वेगळे काढा, आणि जानेवारी २०२५ पासून ते आले, ८४ दिवसांचे साडेचारशेच्या आसपास. म्हणजे वर्षाला दोन हजाराच्या आत. आबाजीच्या आणि आईच्या फोनला तेवढं पुरते. पण दुकानात गेलं की हा पॅक कोणी स्वतःहून दाखवत नाही, आणि घरात मनोरंजनाची दुसरी सोय नसली की दीड जीबीवाला पॅक टाकणं भागच पडते. म्हणजे डेटा तसाही असतोच असं नाही, टीव्ही बंद केला म्हणून तो घ्यावा लागतो. आणि तो दीड जीबी तरी किती पुरतो? टीव्हीला जोडून जरा बऱ्या क्वालिटीत एक सिनेमा लावला की दिवसाचा डेटा तिथंच संपते, मग ६४ केबीपीएसवर गोल गोल फिरणारं चक्र पाहत बसा. संध्याकाळी सात ते दहा, जेव्हा घर खरंच मोकळं राहते, तेव्हाच अख्खं गाव एका टॉवरवर लटकलेलं राहते.

फुकट या शब्दावर इतका भरवसा ठेवणाऱ्यांनी मागची दहा वर्षं आठवून पाहावी. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं ते फुकट आलं, मार्च २०१७ पर्यंत फुकट राहिलं, मग पैसे लागले, मग वाढत गेले. २०२३ आणि २०२४ ची आयपीएल अ‍ॅपवर फुकट दाखवली, गावातले पोट्टे खूश झाले, कित्येकांनी त्याच भरात केबल काढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार हे दोन अ‍ॅप एक झाले आणि त्याच वर्षीची आयपीएल पैसे भरणाऱ्यांसाठी राहिली. कंपनीनं धंदा करावा, तिचं ते कामच आहे, माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण अशा फुकटाच्या जोरावर घराची कायमची सोय मोडून टाकणं शहाणपणाचं आहे का?

आता पैशापेक्षा मोठा मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले. मनोरंजन पाहणाऱ्याचे हात मोकळे आहेत असं या वादात सगळ्यांनीच धरलेलं दिसते. शहरातल्या माणसाचं असेल, ऑफिसातून आला, सोफ्यावर बसला, फोन हातात घेतला. आमच्याकडच्या बाईचे हात झोपेपर्यंत मोकळे राहत नाहीत. संध्याकाळी वावरातून आल्यावर ती सुपात तूर घेऊन बसते, एक पाय लांब करून, सूप मांडीवर कललेलं, बोटं खडे शोधतात आणि नजर मधे मधे वर टीव्हीकडे जाते. तिला चित्र पूर्ण दिसलंच पाहिजे असं नाही, अर्धं तर ती ऐकतच राहते, भांडण वाढलं की मान वर करते. भाजी निवडणं, शेंगा सोलणं, लेकराला भरवणं, कुटाराचे पोते शिवणं, सगळं त्याच्यासमोर होते. तिच्या हातात फोन द्या आणि सांगा पाहा सिरियल. तो धरायला एक हात गेला, नजर पूर्ण गेली, कणकेच्या बोटांनी स्क्रीन उघडत नाही, मधातच कोणाचा तरी फोन येते. आणि तो फोन तिचाच असतो का? बहुतेक घरात चांगला फोन पोट्ट्याचा किंवा नवऱ्याचा, आणि तो संध्याकाळी त्यांच्यासोबत चौकात गेलेला राहते. केबल काढून मोबाईलवर आलो असं जे घर म्हणते, त्यात नेमकं कोण आलं हे एकदा विचारून पाहा. पोट्टे आले. बाई आणि बुढी मागं राहिल्या, आणि त्यांची तक्रार वादात येतच नाही कारण वाद पानठेल्यावर होतो.

बुढ्या माणसाचं तर याहून अवघड. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला सहा इंचाच्या काचेवर काय दिसणार, आणि दिसलं तरी बोट लागून दुसरंच काहीतरी सुरू होते. टीव्हीच्या रिमोटचं एक बटन त्यांना पाठ झालेलं राहते. ती एवढीशी मोकळीक त्यांच्याकडून काढून घेताना आपण पैसे वाचवले म्हणतो, हे मला पटत नाही.

एकेकाळी आपल्याकडे हे सगळं माहीत होतं. गावात पंधरा-वीस टीव्ही यायच्या आधी गणपतीत वर्गणी करून तालुक्यावरून व्हिडिओ आणायचे, टीव्ही आणि व्हीसीआर दोन्ही भाड्यानं, रात्रभर तीन सिनेमे, ज्यानं पाच रुपये दिले तोही पाहायचा आणि ज्याच्याकडे नव्हते तोही मागं उभा राहून पाहायचा. लाईट गेली की सगळे तिथंच बसून राहायचे. पूर्व विदर्भात झाडीपट्टीची नाटकं तर आजही अशीच चालतात, दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया भागात रात्री दहाला पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत, वडसा तर या नाटक कंपन्यांचं गावच झालं आहे. तिकीट काढून येणारे लोक कोण असतात? धान कापून आलेले मजूर, लहान शेतकरी. याच झाडीपट्टीचे कलाकार परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. स्वस्त मनोरंजन म्हणजे प्रत्येकाच्या हातात वेगळा तुकडा, ही कल्पना आपल्याकडची नव्हतीच, आपल्याकडे ते स्वस्त व्हायचं कारण खर्च एकदा व्हायचा आणि पाहणारे शंभर राहायचे.

मग आज घराच्या मधातला टीव्ही महिन्याच्या पैशाशिवाय कसा चालवायचा? उत्तर सगळ्यांना अर्धवट माहीत आहे, पण गरिबाची छत्री म्हणून त्याकडे कोणी नीट पाहत नाही. दूरदर्शनची फ्री डिश डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. छत्री आणि डब्बा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, मिळून साधारण दीड-दोन हजाराचा खर्च एकदाच, पुढं महिन्याला शून्य. ना रिचार्ज, ना कार्ड, ना केवायसी. देशातली चार कोटींहून जास्त घरं त्यावर आहेत. आणि आपल्याकडे तर कित्येकांच्या स्लॅबवर, टिनावर जुन्या डीटीएचची छत्री रिचार्ज संपल्यापासून गंजत पडली आहे, ती वाकलेली नसेल तर तीच कामी येते, फक्त दिशा बदलावी लागते आणि साधा फ्री-टू-एअर, म्हणजे फुकट चॅनलचा, डब्बा घ्यावा लागतो. सिग्नल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतो, तो ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे विदर्भातून पाहिलं तर छत्रीचं तोंड आग्नेयेकडे आणि चांगलंच वर करावं लागते. आग्नेयेला मोठं निंबाचं झाड असेल तर छत्री दुसऱ्या कोपऱ्यात लावा, नाहीतर पावसाळ्यात पानं भरली की चित्र फाटते. डब्बा घेताना एमपीईजी-४ वाला घ्या, जुन्या एमपीईजी-२ च्या डब्ब्यात काही चॅनल दिसतच नाहीत, आणि बाजारात स्वस्त म्हणून जुनाच माल माथी मारतात. जोराच्या पावसात चित्र जाते हे खरं आहे, पण ते पैसे भरून घेतलेल्या छत्रीचंही जाते.

क्रिकेटचं लोकांना माहीत नाही म्हणून मुद्दाम सांगते. २००७ च्या कायद्यानं देशासाठी महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल खासगी चॅनलला प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या संस्थेला, द्यावाच लागते, त्यात भारताच्या पुरुष संघाचे वनडे आणि टी-२० सामने येतात. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की असा सिग्नल दूरदर्शननं स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवायचा, खासगी केबल-डीटीएचवर नाही. म्हणजे जो महिन्याला पैसे भरतो त्याला दूरदर्शनवर ती मॅच दिसत नाही, त्यासाठी स्पोर्ट्सचं चॅनल विकत घ्यावं लागते, आणि फ्री डिशवाल्या घरात ती फुकट चालते. आयपीएल मात्र यात नाही, तिच्यासाठी ज्याला हौस आहे त्यानं एका फोनवर पैसे भरावे.

आता माझ्या म्हणण्यातली सगळ्यात कच्ची जागा. फ्री डिशवर मराठी किती? सह्याद्री आहे, काही खासगी मराठी चॅनल येतात जातात, बाकी हिंदी, भोजपुरी, बातम्या. ज्या सिरियलसाठी बाया केबल धरून बसल्या आहेत त्या दाखवणारी मोठी मराठी चॅनल पैशाची आहेत, ती तिथं नाहीत. म्हणून जी बाई म्हणते मला माझी सिरियल पाहिजे, तिला मी नाव ठेवणार नाही, तिची अडचण खरी आहे. दुसरं, फ्री डिशवरचं चॅनल उद्या राहील याची खात्री नाही. १ मार्च २०१९ ला चार मोठ्या कंपन्यांनी आपापली हिंदी मनोरंजनाची चॅनल एकाच दिवशी काढून घेतली, रात्री पाहत असलेली सिरियल सकाळी गायब, आणि ती परत यायला वर्षाहून जास्त लागलं. शिवाय तिथल्या जागा लिलावानं जातात, कंपन्या बोली लावतात, आणि जास्त बोली जिथं जास्त जाहिरात तिथं, म्हणजे हिंदीत. मराठी चॅनल त्या बोलीत कमीच टिकतात.

पण ही कमतरता म्हणजे फ्री डिश सोडायचं कारण आहे, का ती सुधारून घ्यायचं? ९ फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टानं क्रिकेटच्याच एका खटल्यात सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्या लोकांच्या हितासाठी वापरायच्या. त्याच्याआधीच, १९९० चा प्रसार भारती कायदा, त्याच्या कलम १२ मध्ये लिहून ठेवलं आहे की देशाच्या वेगवेगळ्या भागातल्या संस्कृतींना आणि भाषांना त्या त्या भाषेतल्या कार्यक्रमातून पुरेशी जागा द्यायची, शेती आणि ग्रामीण विकासाकडे खास लक्ष द्यायचं. म्हणजे आपण जे मागतो ते कायद्यात आधीच आहे. लिलावातून पैसा यावा, त्यावर दूरदर्शन चालावं, हे मला समजते, पण जागा पूर्ण बोलीवरच द्यायच्या ठरवल्या तर गडचिरोलीच्या घरात काय दिसावं हे दिल्ली-मुंबईच्या जाहिरातवाल्यांनी ठरवायचं असा त्याचा अर्थ होतो. काही जागा मराठीसाठी बोलीच्या बाहेर राखीव ठेवायला कोणती अडचण आहे?

आणि सरकारला हे झेपत नाही असं कोणी म्हणू नये. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर याच देशात सहा राज्यांतल्या २४०० गावांत उपग्रहावरून टीव्ही दाखवला, साइट नावाचा प्रयोग होता तो, उपग्रह नासाचा उसना आणि जमिनीवरची छत्री कोंबड्यांच्या जाळीची. कित्येक गावांत लाईट नव्हती तर बॅटरीवर सेट चालवले. मधातल्या चौकात एक टीव्ही आणि पूर्ण गाव समोर. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. ज्या देशानं पन्नास वर्षांपूर्वी जाळीच्या छत्रीवर भाषेनुसार वेगळे कार्यक्रम पोचवले, त्याला आज स्वतःच्या उपग्रहावर मराठीसाठी चार जागा काढता येत नाहीत? आधी निदान अँटेना लावून दूरदर्शन पकडता यायचं, ते जमिनीवरचे जुने ट्रान्समीटरही २०२२ पर्यंत जवळपास सगळे बंद केले. म्हणून फ्री डिश ही आता गरिबाची दुसऱ्या नंबरची सोय राहिली नाही, फुकट टीव्हीचा तोच एक रस्ता उरला आहे.

आता त्या जाणत्या काकांकडे येते, ज्यांना टीव्हीच नको आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. टीव्हीवर जे दाखवतात त्यातलं बरंच पाहण्यालायक नसते, सासू-सुनांची भांडणं, मध्येच ओरडणाऱ्या बातम्या, लेकरांचा अभ्यास जाते तो वेगळा. पण मनोरंजन म्हणजे चैन, कर्जवाल्यानं ती करू नये, हे मला अजिबात मान्य नाही. तुकडोजी महाराजांनी खंजिरी काहून हातात घेतली? मोझरीत बसून नुसता उपदेश करता आला असता. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना हसवत हसवतच विचार सांगायचे. याच मातीतल्या या दोघांना दिवसभर राबलेल्या माणसाचं मन आधी मोकळं करावं लागते हे समजत होतं. भजन मंडळ असेल तर उत्तमच, रोज संध्याकाळी जा, पण ज्या बाईला रात्री घराबाहेर पडायची सोय नाही, ज्या बुढ्याला ओट्यावरून उतरता येत नाही, त्यांनी काय करावं? वर्षाचे दोन-तीन हजार मनोरंजनावर गेले म्हणून आपल्याकडे कोणी कर्जात बुडालं नाही, ज्यानं बुडालं ते बी-बियाणं, दवाखाना, लग्न आणि पडलेला भाव. संध्याकाळच्या दोन तासांकडे बोट दाखवणं सोपं राहते म्हणून दाखवलं जाते.

रेडिओ या वादात कोणी आणतच नाही, याचं मला वाईट वाटते. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं, पुढं अकोला, यवतमाळ, चंद्रपूरला केंद्रं आली. एके काळी त्याच रेडिओचं लायसन काढायला लोक पोस्टात रांग लावायचे, वर्षाला पैसे भरायचे, ऐंशीच्या दशकात ते लायसन रद्द झालं आणि रेडिओ खरंच सगळ्यांचा झाला. हात गुंतलेल्या माणसासाठी याच्यापेक्षा चांगली वस्तू नाही. पराटीत, म्हणजे कापसात, वेचणी करताना कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात बोंडांत, अशा वेळी बांधावर ठेवलेल्या रेडिओवरचं गाणं सगळ्या रांगेला ऐकू जाते. हजाराच्या आत चांगला संच येते, चार्जिंगचाही मिळते. कित्येक फोनमध्ये एफएम आता देतच नाहीत, आणि ज्यात आहे त्याला इयरफोनची वायर लावावी लागते, म्हणून वेगळा संच घ्या असंच मी सांगते.

दोन गोष्टी पटकन. केबलवाला हा आपल्याच गावचा पोरगा राहते, वायर तुटली तर पावसात खांबावर चढणारा, केबल गेली की त्याचं काम जाते, आणि ही काळजी मला खरंच आहे. पण केबल वाचवून तो वाचणार नाही, ग्राहक तसेही निघून चालले आहेत. भारतनेट या सरकारी योजनेतून इंटरनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत न्यायचं काम २०११ पासून चालू आहे, ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं त्यासाठी १,३९,५७९ कोटींची मंजुरी दिली, ती वायर पंचायतीच्या कपाटापासून घरापर्यंत न्यायला, छत्र्या फिरवायला, डब्बे दुरुस्त करायला हाच पोरगा लागणार आहे, त्याला ते काम द्या. दुसरं, टेलिग्रामवरून उतरवलेले चोरीचे सिनेमे. ते स्वस्त नाहीत, मराठी सिनेमा थिएटरात आठवडाभरही टिकत नाही याला तेही एक कारण आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमाच्या चोरीला तीन महिने ते तीन वर्षं कैद आहे. पोट्ट्यांना हे सांगा. आणि गावात वाचनालय असेल तर तिथं नाव घाला, १९६७ च्या कायद्यानं अनुदान मिळणारं ड वर्गाचं का असेना, वर्षाची वर्गणी एका रिचार्जपेक्षा कमी राहते.

राहिलं ते मागायचं काम. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ग्रामसभा होतात, तिथं रस्ता-नालीच्या ठरावासोबत हा एक ठराव घ्या आणि प्रसार भारतीला, आपल्या खासदाराला पाठवा. त्यात तीन गोष्टी लिहा. फ्री डिशवर मराठी मनोरंजनासाठी लिलावाबाहेरच्या राखीव जागा. चॅनल काढायचं असेल तर प्रेक्षकांना आधी सूचना, रातोरात नाही. आणि तिसरी मला सगळ्यात जवळची, आपल्या भागाचं काम आपल्या टीव्हीवर. नागपूरला दूरदर्शनचं केंद्र आहे, कॅमेरे आहेत, माणसं आहेत. तिथून सकाळी निघालेली गाडी दुपारच्या जेवणाला वडसात पोचते. दिवाळी ते होळी झाडीपट्टीचा सीझन चालतो, रोज कुठं ना कुठं मंडप लागलेला राहते. कंपन्यांना आणि कलाकारांना रीतसर मानधन देऊन एका सीझनमध्ये पन्नास नाटकं रेकॉर्ड केली तर दर शनिवारी एक दाखवूनही वर्ष जवळपास निघते. दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं आहेत, खंजिरी भजनाची मंडळं आहेत, वऱ्हाडी कवींचे कार्यक्रम आहेत. ज्या बायांना आज सिरियलशिवाय दुसरं काही मराठी पाहायलाच मिळत नाही, त्यांच्यासमोर आपल्या बोलीतलं नाटक रात्री आठला येऊ द्या, साडेआठला नको, कारण साडेआठला आमच्याकडे जेवणं होतात आणि दहाला वावरातल्या मोटरची लाईट येते म्हणून अर्धं घर उठून जाते.